घोरपडीवरून आलेला मामा

घोरपड बनवायला घेतली तेव्हा ती घोरपड होणार हे मला माहीत नव्हतं. मला फक्त एक बुटकी सायकल हवी होती. माझा डावा गुडघा वाकत नाही. गिरणीत भाताचं पोतं थप्पीवरून घसरलं ते नेमकं त्याच्यावर, तेव्हापासून तो बांबूसारखा सरळ आहे. उभं राहायला त्याची काही हरकत नसते. बसायला, उतरायला आणि मांडी घालून जेवायला असते. साध्या सायकलीवर टांग टाकायची तर मला तीन माणसं लागत. एक सायकल धरायला, एक मला धरायला आणि एक हसायला. तिसरं न बोलावता यायचं.

बुटकी सायकल तरी कशाला, तर शकूच्या धाकट्या पोरीच्या लग्नाला जायला. शकू माझी पाठची बहीण. तिला लोधिवलीला दिली, चौक गावाच्या जवळ, मुंबई-पुणे रस्त्यावर. मी पळसदरीला. आमच्या घराण्यात अशी रीत आहे की नवरीच्या मामाने लग्नाच्या दिवशीच सकाळी पिवळी साडी घेऊन वेशीवर यायचं. तिथून त्याला वाजतगाजत दारात न्यायचं, मग त्याने ती साडी पोरीच्या खांद्यावर टाकून तिला उंबऱ्याबाहेर काढायचं. आदल्या दिवशीच येऊन बसला तर मामाचा मान जातो. मग तो नुसता पाहुणा, पाणी भरायला आणि मांडवाच्या दोऱ्या ओढायला उपयोगी. मामीला ही अट नाही, तिने आठवडाभर आधी जाऊन पापड लाटले तरी चालतात. ही रीत कोणी काढली ते ठाऊक नाही, पण त्याचे दोन्ही गुडघे शाबूत असणार.

शकूच्या थोरल्या पोरीच्या लग्नाला मी चौकच्या नाक्यावर बसमधून उतरलो आणि चालत निघालो. अर्ध्या वाटेत गुडघ्याने संप केला. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून मी त्याची समजूत घालत होतो, तोवर तिकडे मुहूर्त उरकला. मी पोचलो तेव्हा लोक पंगतीतून उठून हात धूत होते. मामाच्या जागी आमचा चुलतभाऊ गजा उभा राहिला होता आणि मामाचा फेटाही त्यानेच बांधला होता. तो फेटा त्याने नंतर दोन सण वापरला. शकू तेव्हापासून माझ्याशी धड बोलेना. भाऊबीजेला यायची, ओवाळायची, पण नजर वर करायची नाही. राग आहे, असं मी धरून चाललो होतो.

आता ही चिमा, शकूची शेवटची पोर. हिच्याही लग्नाला मामा पोचला नाही तर पुढे पोचायला लग्नच उरत नव्हतं. त्यात शकूच्या नवऱ्याने, पोशाने, निरोप धाडला, "नागूदादाला सांगा, जमत आसंल तर या. नायतर गजा हायच."

ते 'हायच' मला फार लागलं.

"गिरनीचा टेंपो मागा की," आमची सोनुबाई म्हणाली. "मागं बसा आरामात."

"पोत्यांबरोबर?"

"पोत्यांनी काय तुमचं वाकडं केलंय?"

मी गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि विषय संपला.

मामाने स्वतःच्या वाहनाने वेशीवर यायचं, असं मी ठरवलं. माझ्या या ठरवण्याला पहिला पाठिंबा मिळाला तो तात्या प्रधानांचा. तात्या आमचे शेजारी, कर्जतच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. चाळिशी ओलांडल्यावर मला अक्षरं त्यांनी शिकवली, त्यामुळे त्यांचं कुठलंही बोलणं खोडून काढायची मला सोय नाही. तात्यांना यंत्रं फार आवडतात. त्यांच्या घरातलं घड्याळ त्यांनी स्वतः दुरुस्त केलेलं आहे आणि वेळ विचारायला ते आमच्याकडे येतात.

"नागू, गुरुत्वमध्य जितका खाली, तितका माणूस सुरक्षित," तात्या म्हणाले.

"म्हणजे आडवा झालेला माणूस सगळ्यात सुरक्षित?"

"शास्त्र तेच सांगतं."

मला हे शास्त्र पटलं. पण बुटकी सायकल पायाने हाणायची तर गुडघा परत आडवा येणार, म्हणून तिला इंजिन लावायचं ठरलं. इंजिनाची मला भीती नव्हती. भाताच्या गिरणीत मी उभा जन्म इंजिनाशी बोलण्यात काढला होता. त्या काळात भातावर औषध मारायचा पंप निघाला होता, पाठीवर बांधायचा, छोट्या पेट्रोल इंजिनाचा. तसलं एक इंजिन रसायनीच्या एका भंगारवाल्याकडे सापडलं. भंगारवाला म्हणाला, "नवं हाय." मी म्हटलं, "मग भंगारात कसं?" तो म्हणाला, "मालकाचं नशीब."

सांगाडा जोडायचं काम कर्जतच्या बाजारातल्या धाऊ वेल्डरला दिलं. भाताचा हंगाम होता, मला गिरणीतून हलता येत नव्हतं, म्हणून मापं तोंडी कळवली. बैठक जमिनीपासून दोन वीत. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा चार वीत. आम्ही आयुष्यभर सगळं वितीने मोजत आलो, कोणाचं कधी अडलं नाही. पण कोणाची वीत, हे सांगायचं राहिलं.

माझा पंजा लहान आहे. धाऊचा पंजा म्हणजे सूप. तो दोन बोटांत चहाचा कप धरतो तेव्हा कप दिसत नाही, धाऊ नुसता बोटं चोखतोय असं वाटतं. चिमट्याचं माप त्याने आपल्या पंजाने घेतलं. बैठकीचं माप घ्यायच्या दिवशी धाऊ तापाने निजला होता, तेव्हा ते घेतलं त्याच्या बायकोने, आणि ती चणीने चिमणी. त्यामुळे माझी गाडी मागून बायकोच्या वितीची आणि पुढून नवऱ्याच्या वितीची झाली.

हंगाम आटोपल्यावर मी बघायला गेलो आणि बघतच राहिलो. पुढचं चाक इतकं पुढे गेलं होतं की ते दुसऱ्या कुणाच्या सायकलीचं वाटत होतं. हँडल म्हशीच्या शिंगांसारखं वर. बैठक इतकी खाली की एक कोंबडी तिच्यावर सहज चढून बसली होती.

"धाऊ, हे काय रं?"

"तुमीच सांगितलं. दोन वीत आन् चार वीत."

"अरे पण किती मोठी वीत ही?"

"वीत म्हंजे वीत, नागूदादा. कमी दिली आसती तर बोलला आसता. जास्ती दिली तरी बोलता."

  कोंबडीला हाकलून मी बसून बघितलं, आणि काय सांगू, डावा पाय समोर चिमट्याच्या बाजूला सरळ पसरता आला, पाठ मागे टेकली, गुडघ्याने वर्षानुवर्षांत प्रथमच हूं की चूं केलं नाही. चुकून का होईना, हे वाहन माझ्या गुडघ्याच्या मापाचं झालं होतं. मी ते तसंच घरी आणलं.

सोनुबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने सुपातून मान वर केली, गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली आणि म्हणाली, "ही घोरपड कुठनं धरून आनली?"

नाव तिथेच पडलं. तात्यांनी 'यंत्रद्विचक्रिका' असं बारशाचं नाव सुचवलं होतं, पण ते उच्चारेपर्यंत घोरपड नजरेआड जात असे.

नजरेआड जात असे हे मी नंतरचं सांगतोय. आधी ती जागची हलत नव्हती. इंजिनाचं फिरणं चाकाला कसं द्यायचं हा प्रश्न होता. मी गिरणीतला एक झिजलेला रबरी रोल आणला आणि तो इंजिनाच्या दांड्यावर बसवून मागच्या टायरला घासता ठेवला. इंजिन फिरलं की रोल फिरेल, रोल फिरला की चाक फिरेल. कल्पना चांगली होती. फक्त तो रोल भाताची साल काढायला बनवलेला होता, आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याने टायरची साल काढायला घेतली. पळसदरी स्टेशनापर्यंत जाऊन येईतो मागे काळ्या रबराचा कोंडा पडला आणि टायर पॉलिशच्या तांदळासारखा गुळगुळीत झाला. शेवटी त्या रोलावर जुन्या टायरची पट्टी गुंडाळली तेव्हा तो माणसात आला.

मग थांबण्याचा प्रश्न आला. पाठीवरच्या पंपाला थांबवायची कळ होती, ती आधीच्या मालकाच्या नशिबाबरोबर गेली होती. इंजिन बंद करायचं तर प्लगवरची वायर उपटायची. उपटली की विजेचा झटका बसे. म्हणजे थांबायची इच्छा झाली की आधी मनाची तयारी करावी लागे. माणूस अशाने उगाच थांबत नाही, हा एक फायदा. सोनुबाईने मला आपला लाकडी कालथा दिला, त्याने वायर उडवायची. त्यानंतर आमच्याकडे भाताला पेट्रोलचा वास येऊ लागला.

गावाने सल्ले दिले. कोणी म्हणालं, पुढच्या चाकावर माणूस बसवा, नाहीतर दिसणार नाही कुठे चाललं. कोणी म्हणालं, मागे बांबूला फडकं लावा, ट्रकवाल्याला वाटेल रस्त्यावर वाळत घातलेलं काहीतरी उडून चाललंय. शेजारच्या धोंडूबाईने मला न विचारता सोनुबाईला विचारलं, "नागूभावजींना दवाखान्यात न्यायला केलीय का गं?" तात्यांनी सुचवलं की वळताना मी उलट्या बाजूला झुकावं. झुकलो. त्या दिवशी मी करवंदाच्या जाळीत किती वेळ होतो ते सांगत नाही, पण करवंदं भरपूर खाल्ली.

सरकारी बाजूही होती. साध्या सायकलीला तेव्हा पंचायतीचा पत्र्याचा बिल्ला लागायचा. मी घोरपड ग्रामसेवकाच्या दारात उभी केली. त्याने तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"पायडल आहे?"

"एका बाजूला आहे."

"मग सायकल. पण लांबी बैलगाडीची दिसते. बैल कुठाय?"

"बैल नाही, इंजिन आहे."

"इंजिन असेल तर माझ्याकडे येत नाही. जिल्ह्याला जा."

आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा नुकतंच कुलाब्याचं रायगड झालं होतं. जिल्ह्याला जा म्हणजे नक्की कुठे, यावर आम्ही दोघांनी चहा घेत विचार केला. शेवटी ग्रामसेवक म्हणाला, "मी इंजिन बघितलं नाही. तुम्ही त्याच्यापुढे उभे होतात." बिल्ला मिळाला. मी तो पुढच्या चिमट्यावर लावला, तिथे तो मोदकावरच्या केशराएवढा दिसत होता.

पण मला खरा मान दिला तो मुंबईच्या पोरांनी. रविवारी पळसदरीच्या धरणावर ती येत, मानेवर केस, पाटलोणी पायघोळ. घोरपड बघून ती धावत आली. "अंकल, काय चॉपर बनवलाय," एक जण म्हणाला. दुसऱ्याने तिच्याशेजारी झोपून फोटो काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला माझ्या हातच्या वस्तूबद्दल इंग्रजीतून शाबासकी दिली होती. मी तात्यांकडे जाऊन अर्थ विचारला. तात्यांनी डोळे मिटले.

"चॉप म्हणजे तोडणे. वारा तोडत जाते, म्हणून चॉपर."

मी तो शब्द पाठ केला. घोरपड हे घरातलं नाव असू दे, पण चार लोकांत, विशेषतः पोशाच्या मांडवात, सांगायला चॉपर बरं. मी वर्तमानपत्र वाचत असे, पण फक्त शेतीचं पान. दुसऱ्या पानांवर तो शब्द रोज कसल्या बातम्यांत छापून येतो, हे मला कळायला चौकचा नाका यावा लागला.

सोनुबाई आधीच बसने लोधिवलीला गेली होती. जाताना तिने पिवळी साडी कागदात गुंडाळून माझ्या हवाली केली आणि म्हणाली, "हिला तेलाचा डाग पडला तर तुमी वेशीवरनंच मागं फिरा." मी साडी पोटाशी उपरण्याने बांधली. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला फेटा. लग्न दुपारच्या आधीचं, तरी मी उजाडायच्या आत निघालो. एकदा उशिरा पोचलेला माणूस दुसऱ्यांदा फार लवकर निघतो.

कर्जत मागे पडलं आणि चौकचा रस्ता लागला. काय सांगू त्या सकाळचं. हवेत गारवा, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, आणि मी त्यांच्यामधून आरामखुर्चीत बसल्यासारखा चाललेला. इतक्या खालून मी जग कधी बघितलं नव्हतं. कुत्री बरोबर डोळ्यात डोळा घालून भुंकत होती. एका बैलगाडीच्या शेजारून गेलो तर गाडीवान वरून वाकून म्हणाला, "पडलात का?" मी म्हटलं, "नाय, चाललोय." त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

चौकला जमादाराने हात केला. मी कालथ्याने वायर उडवली आणि थांबलो. जमादार बरा माणूस वाटला.

"काय हो काका, हे काय आणलंय?"

मी छाती काढून सांगितलं, "चॉपर, साहेब."

त्याने शेजारच्या हवालदाराकडे बघितलं. हवालदार एक पाऊल मागे सरकला.

"कुठाय?"

"हा काय, बुडाखाली."

'काका' गेलं आणि 'तू' आलं. "ऊठ. हळू ऊठ. हात वर कर."

"हात वर केले तर उठता येत नाही, साहेब. गुडघा वाकत नाही."

"वापरतोस का?"

"रोज. लांब मात्र आज पहिल्यांदाच काढलाय."

"कशाला?"

"बहिणीकडे लग्न आहे. भावजीला दाखवायचाय."

"भावजीशी भांडण आहे?"

"भांडण नाही. पण त्याच्यामुळे मागच्या लग्नात माझ्या जागी दुसरा उभा राहिला, ते मनात आहे."

"आणि चॉपर तुला दिला कुणी?"

"कर्जतच्या धाऊने बनवला. चांगला कारागीर. त्याने आमच्या घरचे कोयतेही बनवलेत."

जमादाराने हवालदाराला खूण केली आणि हवालदाराने माझी झडती घेतली. पोटाशी बांधलेलं पुडकं त्याने लांब हाताने सोडवलं. आत काहीतरी लखलखेल म्हणून दोघेही सावध झाले आणि पिवळी साडी निघाली. घडीत काही दडवलं असेल म्हणून ती उलगडावी लागली. नाक्यावर, रस्त्याच्या एका कडेला जमादार पदर धरून आणि दुसऱ्या कडेला हवालदार निऱ्या धरून उभे, मध्ये मी आडवा, आणि एक भाजीचा टेंपो खोळंबलेला. टेंपोवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "साहेब, वाळवायला घातलीय का?"

शेवटी त्या टेंपोवाल्यानेच खुलासा केला की चॉपर म्हणजे नुसता खाटकाचा सुरा नव्हे, मुंबईकडे असल्या लांब नाकाच्या गाडीलाही चॉपर म्हणतात. जमादाराला तो पटला, पण लाजेने त्याने कायदा घट्ट धरला.

"मग ही मोटारसायकल झाली. लायसन दाखव."

मी बिल्ला दाखवला. "सायकल आहे, साहेब."

"सायकलला इंजिन असतं?"

"आत्ता बंद आहे."

जमादाराने वाकून इंजिन बघितलं. मग म्हणाला, "बंद असेल तोवर सायकल. चालू केलीस की मोटार. माझ्या हद्दीत चालू करायची नाही." त्या दोघांनी साडीची घडी घातली, फार मन लावून घातली, पण पोलिसी घडी ती, चादरीसारखी चौकोनी झाली. मी ती पोटाशी बांधली, हवालदाराने मला ओढून उभं केलं, आणि हद्द संपेपर्यंत घोरपडीच्या शिंगांचा आधार घेत, तिला ढकलत चालत राहिलो. हद्द संपल्याचा दगड दिसला तेव्हा माझा फेटा मानेवर आला होता आणि मनात एकच होतं, हुकलं. हेही लग्न हुकलं.

इंजिन सुरू केलं आणि उताराला घोरपड अशी सोडली की दोन वळणं मी डोळे मिटून घेतली. लोधिवलीची वेस आली. शेंदूर फासलेला दगड, रस्त्याच्या खाली शेतं, बांधावर करंजाचं झाड. आणि वेशीवर कोणी नाही.

वाजंत्री नाही. माणूस नाही.  इतक्यात गावाकडून बाईमाणूस डोक्यावर हंडा घेऊन आली. मी विचारलं, "बाई, पोशाच्या घरचं लग्न लागलं का?"

ती म्हणाली, "आत्ताशी नवरीला हळद उतरवायला बसवलीय. नवऱ्याकडचं अजून यायचंय."

मी उशिरा नव्हतो. मी भलताच लवकर आलो होतो. आणि ही अडचण मामाच्या रीतीत कोणी धरलेलीच नव्हती. वाजंत्रीशिवाय आत जावं तर मान जातो, वेशीवर थांबावं तर रस्त्यावर सावली नाही. ऊन वर येत होतं. मी घोरपड रस्त्यावरून खाली शेतात घेतली, करंजाच्या सावलीला बांधाला लावून उभी केली आणि वाजंत्रीची वाट बघत मागे टेकलो. तात्यांचा गुरुत्वमध्य, धाऊच्या बायकोची वीत आणि उजाडायच्या आधीचं उठणं, तिघांनी मिळून पुढचं काम केलं.

जाग आली ती आवाजाने. बांधाच्या वर, रस्त्यावर, दोघं बोलत होते. पोशा आणि गजा. मी इतका खाली होतो की त्यांना माझ्या फेट्याचं टोकसुद्धा दिसत नसणार.

"येनार नाय तो," गजा म्हणत होता. "मागल्या टायमाला बघितलं ना, लोकं हात धूत व्हती."

"तुला काय जातं बोलायला," पोशा म्हणाला. "ती दारात पाट टाकून बसलीय. भटजीनं तीनदा सांगितलं, येळ झाली. हलत नाय. म्हनते, नागूदादा आल्याबिगर पोर उंबऱ्याभाईर काढायची नाय."

"मी हाय ना."

"तुझं नाव काढलं मी. काय बोलली आयकलंस ना?"

गजाचा आवाज उतरला. "गजाला जेवायला बसवा म्हनली."

"मंग?"

"मंग बसतो की. पन ही राग धरून बसली व्हती ना भावावर?"

"कसला राग. मला पन तसंच वाटलं व्हतं. आज रडून बोलली समद्यांसमोर. म्हनली, मागल्या टायमाला माजा भाऊ दगडावर बसला व्हता आन् मी घटकाभर थांबले नाय. दुसरा उभा केला. तवापासनं त्याच्याकडं बघायला तोंड नाय मला. आज मुहूर्त टळला तर टळू दे म्हनते."

मी तिथे आडवा पडून ऐकत होतो. वर करंजाची पानं हलत होती. इतकी वर्षं ओवाळताना जी मान खाली असायची, तिचा हिशेब मी उलटाच धरला होता. मला फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की मुहूर्त टळतोय आणि मी शेतात निजलोय.

उठायला गेलो तर उठता येईना. घोरपडीत बसणं सोपं, बाहेर पडायला कोणीतरी ओढावं लागतं. हाक मारावी तर झोपेने घसा बसलेला. मग मी हँडलवरचा रबरी भोंगा दाबला.

गजा रस्त्याच्या पलीकडे उडाला. पोशा बांधावर येऊन खाली बघू लागला.

"कोन हाय रं?"

"नवरीचा मामा," मी म्हटलं.

पोशा आणखी वाकला. "तिथं काय करताय, नागूदादा?"

"वाट बघतोय. वाजंत्री कुठाय?"

"वाजंत्री तुमालाच शोधायला चौककडं गेलीय," पोशा म्हणाला. "तुमच्या डोक्यावरनं गेली आसंल."

आता रागवायचं कोणी कोणावर हे आम्हां तिघांनाही कळेना. मी इंजिनाला दोरी मारली. इंजिन नुसतं खोकलं. पोशाने एका बाजूने धरलं, गजाने दुसऱ्या बाजूने, आणि त्यांनी मला मामाच्या मानासकट बांधावरून वर घेतलं. गजा म्हणाला, "उतरून चाला की." पोशा त्याला म्हणाला, "चालायला लावून मागं काय झालं, तूच बोललास ना आत्ता? ढकल." वाजंत्री नव्हती म्हणून मी भोंगा वाजवत राहिलो. दोन्ही बाजूंनी धापा टाकणारे दोन गडी, मध्ये मी आडवा, पुढे म्हशीची शिंगं. वेशीवरून मामा असा आजवर कुणाकडे आलेला नाही. पोरं मागे लागली, मग कुत्री, मग पाहुण्यांतले निम्मे लोक.

मांडवात सगळे उभे राहिले. शकू उंबऱ्यात पाटावर बसली होती. तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

भटजी वैतागले होते. "अहो यजमान, इतका वेळ मामा होते कुठे?"

पोशाने तोंड उघडलं. तो काय सांगणार ते मला माहीत होतं, आणि तो खोटं सांगणार नव्हता. मी शिंगं घट्ट धरली. पण शकू त्याच्या आधी बोलली, मांडवाच्या शेवटच्या बांबूपर्यंत ऐकू जाईल अशी.

"पहाटंपासनं वेशीवर येऊन बसलाय माजा भाऊ. आनायलाच कोन गेलं नाय. चूक आमची हाय."

 भटजी पोशाकडे बघायला लागले. पोशाचं तोंड उघडं ते तसंच राहिलं, मग त्याने ते मिटलं, गजाच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घाम पुसला आणि माझ्यापुढे नारळ धरून म्हणाला, "चुकलं, नागूदादा."

सोनुबाईने पुढे होऊन माझ्या पोटावरचं पुडकं सोडलं. साडी बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "ही आसली घडी कुनी घातली?"

"पोलिसांनी," मी हळूच म्हटलं.

तिने साडी झटकून पुन्हा घडी घातली. माझ्याशी संसार केलेली बाई, आणखी काही विचारण्यात अर्थ नाही हे तिला कळतं.

मला उठवायला शकू स्वतः आली. तिने दोन्ही हात दिले, मी धरले, तिने ओढलं. तोंड माझ्या कानाशी आलं तेव्हा पुटपुटली, "गालाला ढेकळाची माती हाय. झोपला व्हतास ना, दादा?"

"हां."

"मंग गप ऱ्हा आन् गाल पूस."

मी गाल पुसला. साडी चिमाच्या खांद्यावर टाकली, तिचा हात धरला आणि तिला उंबऱ्याबाहेर काढलं. शकू मागून माझा सदरा मुठीत धरून चालत होती. मी सरळ पायाने जमेल तेवढं सावकाश चाललो. भटजींनी घाई केली तरी मी चाल वाढवली नाही.